तोही हिरवा निघाला!

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. तिकडे दक्षिण आफ्रिकेत रग्बीचा मोठा सामना जवळ आला की शुक्रवारी चांगली शिकलीसवरलेली, लेकुरवाळी माणसं हिरव्या जर्स्या घालून कामावर जातात. बँकेतला कॅशियर हिरवा, त्याचा साहेब हिरवा, दारावरचा रखवालदार हिरवा, शाळेतल्या बाईसुद्धा हिरव्या. आपल्याकडे नवरात्रात बायका नऊ दिवसांचे नऊ रंग पाळतात, तर घरातले पुरुष किती खी-खी करतात! तिकडे पुरुषच पाळतात, आणि रंग मेला एकच. हिरवा, गळ्याशी तेवढा सोनेरी. 'बॉक फ्रायडे' म्हणतात त्याला.

बातमी पक्की आहे, कारण ती माझ्या मावसबहिणीकडून आली आहे. ती नवऱ्याच्या नोकरीमुळे केपटाऊनला असते आणि भाजी चिरता चिरता मला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवते. "ताई, ऐक ना," अशी सुरुवात झाली की मी गॅस बारीक करते. तर परवा म्हणाली, "ताई, ऐक ना. इथे ज्याला विचारावं तो म्हणतो, आम्ही पहिल्यापासून स्प्रिंगबॉकवाले. पण आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातले चाचा म्हणतात, यातले अर्धे थापाडे आहेत. मामला काय आहे?"

मामला म्हणजे काय, अहो, कादंबरी आहे कादंबरी! एखाद्या घरात मुलीने पळून जाऊन लग्न केलेलं असतं, घरच्यांनी दहा वर्षं तिचं नाव टाकलेलं असतं, आणि जावई मोठा साहेब झाल्यावर तेच लोक सांगत सुटतात, "आम्हाला पहिल्यापासून मुलगा पसंत होता." अगदी तसंच. फक्त इथे एका घराच्या जागी अख्खा देश घाला.

ज्यांना रग्बी ठाऊक नाही, त्यांच्यापुरतं दोन ओळींत सांगते. अंड्याच्या आकाराचा चेंडू, एका बाजूला पंधरा धिप्पाड गडी. चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, पण साथीदाराला हाताने द्यायचा तर मागेच द्यायचा. समोरच्याने कबड्डीतल्यासारखी पकड करून जमिनीवर आपटायचं. डॉक्टर बाहेर उभा असतो, तो उगीच नाही. स्प्रिंगबॉक म्हणजे तिकडचं टुणटुण उड्या मारणारं हरीण. १९०६ साली पॉल रूस नावाच्या कर्णधाराने संघ ब्रिटनला नेला, तेव्हापासून ते नाव त्या संघाला चिकटलं. देशाने पहिला कसोटी सामना खेळला तो १८९१ मध्ये. आणि त्यानंतर १९८१ पर्यंत, म्हणजे नव्वद वर्षं, त्या हिरव्या जर्सीत एकही काळा किंवा मिश्रवंशीय खेळाडू दिसला नाही. नव्वद वर्षं! एवढ्यात आपल्याकडे तीन पिढ्यांची लग्नं उरकतात.

आता सांगा, बहुसंख्य लोकांनी त्या हरणाकडे कुठल्या तोंडाने प्रेमाने बघायचं? ते बघत नव्हतेच. समोर कोणीही असो, इंग्लंड असो, फ्रान्स असो, त्याच्या बाजूने ओरडायचं. न्यूझीलंड असेल तर घसा बसेपर्यंत. न्यूझीलंडच्या संघाला म्हणतात 'ऑल ब्लॅक्स', ते त्यांच्या काळ्या पोशाखावरून. पण योगायोग तर बघा, काय नाव लाभलंय!

पाठिंबा कोणी कोणाला द्यावा यावरून पहिलं थोबाड वाकडं केलं ते मात्र गोऱ्यांनी, आणि तेही न्यूझीलंडात. १९२१ ची गोष्ट. स्प्रिंगबॉक तिकडे पहिल्यांदाच दौऱ्यावर गेले होते आणि नेपियर गावात त्यांचा सामना माओरींच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, संघाशी पडला. जिंकले, पण कसेबसे, ९-८. मैदानातले गोरे न्यूझीलंडवाले आपल्या माओरी गड्यांसाठी बेभान ओरडत होते. बरोबर आलेल्या दक्षिण आफ्रिकी वार्ताहराला ते सहन होईना. हजारो गोरी माणसं, आणि काळ्यांनी गोऱ्यांना हरवावं म्हणून आरोळ्या ठोकतायत, शिव शिव! त्याने घरी तार ठोकली, आमच्या पोरांना हे बघून किळस आली, अशा अर्थाची. आणि तारघरातून ती फुटली की हो! वर्तमानपत्रात छापून आली, आणि न्यूझीलंडात जो गहजब झाला म्हणता! तारमास्तरच्या पोटात गोष्ट राहत नाही हे मला आमच्या गावावरून माहीत होतं. दक्षिण गोलार्धातही तसंच आहे हे कळून बरं वाटलं.

चाचांकडे येते आता.

चाचा कोकणातले, म्हणजे त्यांचे आजोबा. रत्नागिरीकडचे बरेच कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून केपटाऊनला गेले, तिथे दुकानं थाटली, आणि अजूनही त्यांच्यातले जुने लोक घरात कोकणी बोलतात. बहीण दुकानात उभी राहून माझ्याशी मराठीत फोनवर बोलत होती, कोथिंबीर ताजी नाही म्हणून कुरकुरत होती. गल्ल्यामागून आवाज आला, कोथिंबीर आज सकाळचीच आहे म्हणून, आणि तोही कोकणीत! ती इतकी शरमली की तीन जुड्या घेतल्या. तेव्हापासून ओळख. चाचांच्या आजोबांनी तिथल्या मलाय मुलीशी लग्न केलं, आजीच्या माहेरची सगळी रग्बीवेडी, आणि ते वेड या घरात आलं. केपटाऊनच्या मुसलमान आणि मिश्रवंशीय वस्त्यांमध्ये १८८० च्या दशकापासून रग्बीचे क्लब आहेत. गोऱ्यांनी जवळ केलं नाही, म्हणून त्यांनी आपली संघटना काढली, आपले चषक ठेवले, आपली मैदानं शोधली.

बहिणीने हौसेने हिरवी जर्सी घेतली आणि पहिल्याच शुक्रवारी ती घालून चाचांकडे आलं-लसूण आणायला गेली. चाचांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. काही बोलले नाहीत. फक्त अंगातल्या कोटाची बटणं सोडली. आत काळी जर्सी! छातीवर रुपेरी नेच्याचं पान. न्यूझीलंडची! बाई ग, मी ऐकलं आणि मला आधी वाटलं, हा माणूस तिकडे राहतो आणि खातो, तरी दुसऱ्या देशाची जर्सी? आपल्याकडे कोणी असं केलं असतं तर सोसायटीच्या ग्रुपवर काय काय झालं असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

पण चाचा एकटे नाहीत. केपटाऊनमध्ये असे ढीगभर आहेत. त्यांना 'केप क्रुसेडर्स' म्हणतात, न्यूझीलंडच्या क्रुसेडर्स संघावरून. आपल्या शहराचा संघ घरच्या मैदानावर खेळत असला, तरी हे लोक पाहुण्यांच्या बाजूने. गोरे शेजारी नाक मुरडतात, मंत्री उपदेश करतात, वर्तमानपत्रं दर दौऱ्याला तोच लेख नव्याने छापतात. यांच्या कानावरची माशी हलत नाही.

कारण कळलं तेव्हा मी जरा गप्प बसले. न्यूलँड्स हे केपटाऊनचं जुनं मैदान. तिथे काळ्यांना आणि मिश्रवंशीयांना आत येऊ देत, पण वेगळ्या राखलेल्या जागेत, गोऱ्यांपासून दूर. मग वर्णवार वस्त्यांचा कायदा आला. न्यूलँड्स-क्लेअरमाँटच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मिश्रवंशीय कुटुंबं उचलून लांबच्या माळावर नेऊन टाकली. म्हणजे मैदानाचा घोष ज्यांच्या खिडकीत ऐकू यायचा, त्यांनाच आता दोन बस बदलून यायचं, आणि येऊन पिंजऱ्यात उभं राहायचं. तिथे उभं राहून स्प्रिंगबॉकचा जयजयकार करा म्हणणं म्हणजे ज्याने घरातून काढलं, त्याच्या मुलाच्या मुंजीत आहेर करा म्हणण्यासारखं.

१९७० मध्ये ऑल ब्लॅक्स आले. तोपर्यंत दक्षिण आफ्रिकेचा हट्ट होता की दौऱ्यावर माओरी खेळाडू आणायचे नाहीत, आणि न्यूझीलंडच्या बोर्डाने तो वर्षानुवर्षं निमूट पाळला होता. या वेळी तीन माओरी वंशाचे आणि एक सामोआच्या घरातला ब्रायन विल्यम्स असे चौघे आले. कसे आले? तर सरकारने त्यांना 'मानद गोरे' ठरवलं! मानद डॉक्टरेट ऐकली होती, मानद गोरेपण नव्हतं ऐकलं. एकोणीस वर्षांचा तो विल्यम्स असा काही पळाला, की पिंजऱ्यातल्या प्रेक्षकांना देव भेटल्यासारखं झालं. न्यूलँड्सची कसोटी न्यूझीलंडने जिंकली, ९-८. त्या दौऱ्यातला त्यांचा तो एकच कसोटी विजय. आणि चाचा तिथे होते, तेव्हा कॉलेजवयाचे.

घरी आले ते नाचत. आणि पुढचं ऐका. मामांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं! वर्षभर! मामा बिगरगोऱ्या रग्बीतले जुने कार्यकर्ते. त्यांचं म्हणणं, कोणासाठी ओरडलास ते राहू दे, न्यूलँड्सच्या खिडकीवर तिकीट काढलंस ना? गोऱ्यांच्या गल्ल्यात पैसा टाकलास ना? पुढे वर्णभेदविरोधी क्रीडासंघटनांची 'सॅकोस' नावाची शिखर संस्था झाली, तिची घोषणाच होती की जिथे समाज धड नाही, तिथे खेळ धड असूच शकत नाही. म्हणजे बघा, एकेका घरात किती पायऱ्या! स्प्रिंगबॉकसाठी ओरडणारा तो फितूर. न्यूलँड्सला जाऊन ऑल ब्लॅक्ससाठी ओरडणारा तो अर्धा फितूर. आणि घरी बसून रेडिओ चोरून ऐकणारा? मामा रेडिओ ऐकायचे की नाही, याबद्दल चाचांच्या आईला वेगळंच माहीत होतं म्हणे.

१९८१ मध्ये एरल टोबायस हा पहिला मिश्रवंशीय स्प्रिंगबॉक झाला, तोही न्यूलँड्सवरच, आयर्लंडविरुद्ध. बिचारा दोन्हीकडून गेला. गोरे म्हणाले, दाखवायला घेतलाय. त्याचेच लोक म्हणाले, विकला गेला. अशा माणसाला रात्री झोप कशी लागत असेल! याच वर्षी स्प्रिंगबॉक न्यूझीलंडला गेले आणि तिकडे तर घराघरांत भाऊबंदकी माजली. नवरा मैदानात सामना बघायला, बायको बाहेर हेल्मेट घालून मोर्चात. हॅमिल्टनला आंदोलक कुंपण तोडून मैदानात घुसले आणि सामनाच रद्द झाला. ऑकलंडला तर एक छोटं विमान वरून घिरट्या घालत होतं आणि खेळाडूंच्या अंगावर पिठाच्या पुड्या टाकत होतं. एक पुडी न्यूझीलंडच्याच गड्याला लागली. पीठ वाया गेलं याचं मला आजही वाईट वाटतं.

आता मंडेलांचं प्रकरण. यात मात्र मी कान टवकारून ऐकते, कारण हा माणूस महाबिलंदर. तुरुंगात असताना ते आणि त्यांचे साथीदार स्प्रिंगबॉकच्या विरुद्ध असेल त्याच्या बाजूने असायचे. पण पोल्समूर तुरुंगात असताना त्यांना जेवण गरम करायला हॉटप्लेट हवी होती आणि तिथला अधिकारी रग्बीवेडा होता. यांनी गुपचूप रग्बीचा अभ्यास केला, साहेब आल्यावर त्याच्याच भाषेत, आफ्रिकान्समध्ये, रग्बीच्या गप्पा मारल्या, आणि शेवटी हळूच हॉटप्लेटचा विषय काढला. मिळाली! सासूकडून माहेरी जायची परवानगी काढणाऱ्या सुनांनी हा धडा गिरवावा.

ते सुटून आल्यावर, १९९२ मध्ये, वर्णभेदापायी देशाच्या रग्बीवर आलेली बंदी उठली आणि जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर ऑल ब्लॅक्सशी सामना झाला. बोईपाटाँग या काळ्यांच्या वस्तीतल्या हत्याकांडात मेलेल्यांसाठी एक मिनिट शांत राहा, अशी विनंती होती. त्या मिनिटात गोऱ्या प्रेक्षकांनी जुनं राष्ट्रगीत गायलं, जुने झेंडे नाचवले. यावर मी काही चटपटीत बोलणार नाही. हा प्रसंग ज्यांनी पाहिला, त्यांनी पुढे कितीही वर्षं काळी जर्सी घातली, तरी मी त्यांना एका शब्दाने विचारणार नाही.

आणि तीनच वर्षांनी विश्वचषक त्यांच्याच देशात! मंडेला अध्यक्ष. अंतिम सामन्याच्या थोडं आधी क्वाझुलू-नाताळमध्ये स्वतःच्याच माणसांच्या सभेत ते स्प्रिंगबॉकची टोपी घालून उभे राहिले, तर सभेने त्यांची हुर्यो उडवली. मंडेलांची! घरच्या लग्नात आजोबांनी व्याह्याची बाजू घ्यावी आणि नातवंडांनी ओरडावं, तसं. त्यांनी टोपी काढली नाही. २४ जून १९९५ ला एलिस पार्कवर ते हिरवी जर्सी घालून आले, पाठीवर कर्णधार फ्रान्स्वा पिनारचा सहा नंबर, आणि तीच गर्दी, जुन्या झेंड्यांची, त्यांच्या नावाचा घोष करू लागली. जोएल स्ट्रान्स्कीने जादा वेळेत चेंडू खांबांमधून उडवला, १५-१२. काळ्या वाचकांच्या वर्तमानपत्राने संघाला 'आमाबोकोबोको' असं लाडाचं नाव देऊन टाकलं. हॉलिवूडने पुढे सिनेमा काढला, मॉर्गन फ्रीमन मंडेला झाले. तो बघून आमच्या बिल्डिंगमधल्या तिघी रडल्या. त्यातल्या दोघींना रग्बीचा चेंडू कुठल्या बाजूने धरतात हेही ठाऊक नव्हतं.

थांबा, सूझी राहिली! त्या अंतिम सामन्याच्या आधी ऑल ब्लॅक्सचे बरेच खेळाडू पोटाने आजारी पडले. हॉटेलात 'सूझी' नावाच्या वेट्रेसने काहीतरी कालवलं, अशी आवई न्यूझीलंडात उठली ती आजतागायत उठलेलीच आहे. सूझी कोणाला कधी सापडली नाही. चाचांचा मात्र तिच्यावर ठाम विश्वास आहे. "बघ," बहिणीला म्हणाले, "न्याय झाला असता तर मंडेलांनी त्या दिवशी हरलेल्या संघाची जर्सी घातली असती." यावर काय बोलावं, सांगा.

सिनेमा संपला की दिवे लागतात, आणि मग कोपऱ्यातली जाळी दिसतात. त्या १९९५ च्या संघात गोरा नसलेला खेळाडू एकच, चेस्टर विल्यम्स. जाहिरातींत, फलकांवर, विमानतळावर त्याचंच हसरं तोंड. २००२ मध्ये त्याचं चरित्र आलं, तेव्हा कळलं की संघात सगळंच काही गोडीगुलाबीचं नव्हतं. २००७ मध्ये पॅरिसला पुन्हा विश्वचषक जिंकला, तेव्हाही अंतिम सामन्याला उतरलेल्या पंधरांत गोरे नसलेले दोघेच. बारा वर्षांत एकाचे दोन. आमच्या पतपेढीचं व्याजसुद्धा यापेक्षा बरं.

मग हरणावरच वाद. ते वर्णभेदाचं चिन्ह आहे, काढा, असं म्हणणारे एका बाजूला. काढलंत तर याद राखा म्हणणारे दुसऱ्या बाजूला. तोडगा अस्सल सरकारी निघाला. सगळ्या राष्ट्रीय संघांचं चिन्ह असलेलं प्रोटिया फूल डाव्या छातीवर, काळजापाशी, आणि हरीण उजवीकडे. २०१५ च्या विश्वचषकात स्पर्धेच्या चिन्हाला जागा हवी म्हणून हरीण बाहीवर गेलं, तर त्यावर केवढा आकांत! एवढासा प्राणी, त्याची किती ती फरफट.

त्याच २०१५ मध्ये कळस झाला. एका छोट्या राजकीय पक्षाने प्रिटोरियाच्या न्यायालयात अर्ज केला, की या संघात पुरेसे काळे खेळाडू नाहीत, तेव्हा यांचे पासपोर्ट काढून घ्या आणि यांना इंग्लंडला जाऊच देऊ नका! न्यायालयाने तो फेटाळला. संघ गेला. आणि पहिल्याच सामन्यात जपानकडून हरला, ३४-३२. जपान! त्या दिवशी बऱ्याच घरांत चेहऱ्यावर दुःख आणि पदराआड हसू होतं, असं मी ऐकून आहे. दोन वर्षांनी न्यूझीलंडने ५७-० असा धुतला, तेव्हा चाचांनी दुकानात येईल त्याला फुकट चहा पाजला. संघात काळ्यांसाठी जागा राखायचा तो कोटा, ती गुणवत्ता, हे शब्द तर दर पराभवाला पाहुण्यांसारखे ठरलेले. हरलो की कोट्यामुळे, जिंकलो की गोऱ्या प्रशिक्षकामुळे. हे ऐकताना तुम्हाला घरचं काही आठवलं असेल तर तुमचं तुमच्यापाशी ठेवा.

२०१८ मध्ये सिया कोलिसी कर्णधार झाला. कसोटी संघाचा पहिला काळा कर्णधार. पोर्ट एलिझाबेथच्या झ्वीडे वस्तीतला. २००७ चा अंतिम सामना त्याने गुत्त्यात बसून पाहिला होता, घरी टीव्ही नव्हता म्हणून. आणि त्याच्याही पाठीवर सहाच नंबर. २ नोव्हेंबर २०१९ ला योकोहामात इंग्लंडला ३२-१२ ने लोळवलं. दोन ट्राय झाले, म्हणजे चेंडू इंग्लंडच्या रेषेपार नेऊन टेकवला, एक मापिम्पीचा, एक कोल्बेचा. देश गल्लीबोळांत नाचला. तरी तेव्हाही एका विरोधी पक्षाच्या प्रवक्त्याने काळ्या खेळाडूंचंच अभिनंदन केलं आणि बाकीच्यांनी आपलं अभिनंदन प्रिन्स हॅरीकडून घ्यावं, असं जाहीर लिहिलं. शेरा झोंबरा होता खरा. हॅरी त्या दिवशी मैदानात होते आणि पुढे खेळाडूंच्या खोलीतही जाऊन आले.

तिकडे गोरे म्हणतात, रग्बी आमचा खेळ, आता यांनी उचलला. अहो, ईस्टर्न केपमध्ये काळ्यांची पोरं मिशनरी शाळांमधून एकोणिसाव्या शतकापासून रग्बी खेळतायत! नवं काय, तर ही पोरं आता राष्ट्रीय जर्सीत दिसू लागली एवढंच. आता 'ग्विजो स्क्वॉड' नावाची मंडळी शेकड्यांनी स्टेडियममध्ये जातात आणि सामना संपेपर्यंत खोसा भाषेतली समूहगीतं गातात, एकाने उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. भजनी मंडळच म्हणा ना. खेळाडूही ड्रेसिंगरूममध्ये तेच गातात. पूर्वी शेजारच्या रांगेतले गोरे काका दचकायचे, आता टाळ्या धरतात, बेताल का होईना.

माझ्या मते खरी सनसनाटी वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी ब्र काढत नाही. लंडन, पर्थ, ऑकलंड इथे दक्षिण आफ्रिकेतून गेलेल्या गोऱ्यांच्या वसाहतीच आहेत. 'या देशाचं आता काही खरं नाही,' म्हणत घर विकून गेलेले. ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅमवर स्प्रिंगबॉकनी ऑल ब्लॅक्सना ३५-७ असं चिरडलं, तेव्हा स्टँड हिरवेगार होते. म्हणजे देश सोडून गेलेला हिरवा, आणि घरातून हुसकलं तरी त्याच शहरात राहिलेला, तिथेच कर भरणारा, तिथेच आलं-लसूण विकणारा माणूस काळा! आता यातला निष्ठावंत कोण, हे तुम्ही ठरवा, माझं ठरलंय. चाचांवर बोट दाखवणाऱ्याला मी माझ्या दारात उभा करणार नाही.

त्याच वर्षी विश्वचषकात स्प्रिंगबॉकनी लोकांचा जीव घ्यायचं बाकी ठेवलं. फ्रान्सला २९-२८. इंग्लंडला १६-१५. अंतिम सामन्यात न्यूझीलंडला १२-११. तीन सामने, तिन्ही एकेका गुणाने! आपल्याकडे तो सामना मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला, आणि मी, रग्बीचा र ठाऊक नसलेली बाई, जागी होते, कारण फोनवर बहीण किंचाळत होती. पीटर-स्टेफ डु टॉइटने एकट्याने २८ पकडी केल्या. आमच्या गल्लीतल्या कबड्डी मंडळाच्या पोरांना मी सकाळी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "काकू, मॅटवर की मातीत?" अध्यक्ष रामाफोसांनी १५ डिसेंबरला अख्ख्या देशाला सुट्टी दिली. एका गुणाने जिंकलं तर सुट्टी. दोन गुणांनी जिंकले असते तर पगारवाढ दिली असती.

त्या रात्री चाचा? काळ्या जर्सीत. एकटे. घरातले सगळे हिरवे झालेत म्हणे. सुना, जावई, डर्बनचा मेहुणा, सगळे. सामना संपल्यावर सगळे अंगणात नाचत होते आणि चाचा पंचांच्या नावाने बोटं मोडत होते, कारण न्यूझीलंडचा कर्णधार लाल कार्ड घेऊन अर्ध्या तासात बाहेर गेला होता. "त्यांना पंधरा जण दिले असते तर?" हा त्यांचा सवाल. बहीण म्हणाली, "चाचा, पण कोलिसी तर तुम्हाला आवडतो ना?" तर म्हणे, कोलिसीसाठी ते रोज नमाजात दुवा मागतात. गुडघा बरा राहू दे, पोरं शिकू देत, सगळं मागतात. फक्त शनिवारी ऐंशी मिनिटं तेवढी दुवा बंद.

सप्टेंबर २०२५ मध्ये वेलिंग्टनला स्प्रिंगबॉकनी ऑल ब्लॅक्सना ४३-१० ने हरवलं. ऑल ब्लॅक्सचा सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा पराभव. सोमवारी बहीण मुद्दाम आलं आणायला गेली. हिरवी जर्सी घालून, दुष्ट कुठली. चाचा नेहमीसारखे गल्ल्यावर. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पण खालून काळी बाही दिसत होती. आल्याचे पैसे त्यांनी पाच रँड जास्त लावले.

न्यूलँड्सवर आता कसोटी होत नाहीत. केपटाऊनमध्ये स्प्रिंगबॉकचे सामने असतात ते ग्रीन पॉइंटच्या नव्या स्टेडियमवर. पूर्वी ज्यांना न्यूलँड्सवर खेळू देत नसत, त्या क्लबांची मैदानं याच ग्रीन पॉइंटला होती. चाचांचे मामा तिथेच खेळायचे.